साडेतीन ओळींचं उत्तर

फेब्रुवारी २०१९ मध्ये मला फौजेतून घरी पाठवलं. कोर्ट मार्शल झालं नाही, बडतर्फीही नाही. डिस्चार्ज बुकात कारणाच्या रकान्यात चार इंग्रजी शब्द होते, 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड'. तुमच्या सेवेची आता गरज नाही. पलटणीत याला एसएनएलआर म्हणतात, आणि ज्याच्यावर ते येतं त्याच्याबद्दल लोक आवाज खाली करून बोलतात.

त्या दिवशी माझी नोकरी १३ वर्षं ८ महिन्यांची होती. जवानाला पेन्शन बसायला १५ वर्षं भरावी लागतात. वर्षभरापर्यंतची तूट माफ होऊ शकते, पण माझी तूट १६ महिन्यांची होती. झेलम एक्स्प्रेसनं पुण्याकडे येताना खिडकीशी बसून हा हिशोब मी बोटांवर पुन्हा पुन्हा केला. दर वेळी चार महिने कमीच पडत होते.

आता शो कॉज म्हणजे कारणं दाखवा नोटीस आलेली मुलं कुणाकुणाकडून नंबर घेऊन मला फोन करतात. त्यांना जे सांगतो ते एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हे लिहितोय.

आधी लाल एंट्रीविषयी. छोट्या गुन्ह्यांसाठी कमांडिंग ऑफिसरला आर्मी ॲक्टच्या सेक्शन ८० खाली शिक्षा देता येते, त्यात २८ दिवसांपर्यंतची कैदही आली. कैदेसारखी शिक्षा कंडक्ट शीटवर, म्हणजे जवानाच्या वर्तणुकीच्या नोंदपत्रावर, लाल शाईनं चढते, हलकी शिक्षा काळ्या शाईनं. ऑर्डरली रूममध्ये टोपी आणि बेल्ट काढून साहेबांपुढे उभं करतात, चार्ज वाचतात. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा आणि आपलं म्हणणं मांडायचा हक्क नियमानं असतो. मी चारही वेळा एकच वाक्य बोललो, 'गलती हो गई साब.' मला कुणी दाबलं नव्हतं. तिथे उभं राहून घरची दुखणी सांगणं म्हणजे रडगाणं गाणं, असं मलाच वाटायचं. अशा चार लाल एंट्र्या जमल्या. तीन सुट्टीवरून उशिरा आल्याच्या आणि एक दारूची.

नोव्हेंबर २०१८ मध्ये नोटीस आली. खाली ब्रिगेड कमांडरांची सही, वर आर्मी रूल १३ चा उल्लेख. चार लाल एंट्र्या असल्यामुळे तुम्हाला फौजेत ठेवणं योग्य वाटत नाही, का काढू नये याचं उत्तर पंधरा दिवसांत द्या, असा मजकूर. मी ती घेऊन ऑफिसातल्या एका जुन्या माणसाकडे गेलो. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, मी लिहून घेतलं. 'मुझसे गलतियाँ हुई हैं. घरेलू परेशानी के कारण छुट्टी से लेट आया. आगे से ऐसा नहीं होगा, एक मौका दिया जाए.' कागदावर मोजून साडेतीन ओळी झाल्या. सही केली आणि त्याच संध्याकाळी देऊन टाकलं. पंधरा दिवसांतले चौदा दिवस माझ्या हातात होते.

वकिलाचा विचार मनात आला नाही असं नाही. फोनवर बायको म्हणाली होती, 'अहो, कुणाला तरी दाखवून घ्या.' पण बराकीत सगळे एकच सांगत होते, सिव्हिल वकिलाकडे गेलास तर साहेब चिडतील आणि होणारं कामही बिघडेल. वर्दीत असताना वकील गाठणं हाच एक गुन्हा आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ती चुकीची होती. कोर्ट मार्शलमध्ये जवानाला डिफेंडिंग ऑफिसर मिळतो, स्वतःच्या खर्चानं वकील उभा करता येतो. शो कॉज नोटिशीत तसं कुणी मिळत नाही, कारण तिथे सुनावणीच नसते, सगळं कागदावर चालतं. म्हणून तर तो कागद लिहायच्या आधी वकिलाला दाखवायचा असतो. त्याला कोणी मनाई केलेली नाही.

अडीच महिन्यांनी ऑर्डर आली. किट जमा केलं, आय कार्ड जमा केलं, क्लिअरन्सच्या कागदावर सह्या गोळा केल्या. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली. पेन्शन नाही, ईसीएचएस ही माजी सैनिकांची उपचार योजना नाही, कँटीन कार्ड नाही. गैरवर्तनासाठी किंवा अकार्यक्षम म्हणून काढलेला जवान नियमाप्रमाणे माजी सैनिकात मोजला जात नाही, हे मला गावी आल्यावर कळलं. आमचा माण तालुका दुष्काळी. घराघरातून पोरं फौजेत जातात, आणि रिटायर होऊन आलेल्या माणसाला गाव हलगी वाजवून वेशीवरून घरी नेतं. मी रात्रीच्या एसटीनं उतरलो.

मार्चमध्ये बायकोनं मला बसवून लष्करप्रमुखांच्या नावे अर्ज लिहून घेतला. मला त्यात काही अर्थ वाटत नव्हता. तालुक्याच्या पोस्टातून तो रजिस्टर एडीनं गेला आणि पावती तिनं कालनिर्णयच्या मागे खिळ्याला टोचून ठेवली. त्या पावतीनं पुढे मला वाचवलं.

त्यानंतर गावाकडच्या एका वकिलाला भेटलो. माणूस वाईट नव्हता, जमिनीच्या दाव्यांत त्याचं नाव होतं. त्यानं सरकारला दिवाणी कायद्याची दोन महिन्यांची नोटीस पाठवली आणि मग दिवाणी कोर्टात दावा लावू म्हणाला. सहा महिने तिथे गेले, पैसेही गेले. शेजारच्या गावातल्या एका रिटायर सुभेदारसाहेबांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. सैनिकांच्या नोकरीच्या तंट्यांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ मध्ये, आणि महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेरा वर्षांच्या नोकरीत कुणीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

सुभेदारसाहेबांनीच पुण्याच्या एका वकील मॅडमचा नंबर दिला. फक्त फौजी लोकांच्या केसेस करणाऱ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मी आणि बायको त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'डिस्चार्ज झाल्यावर वर कुठे अर्ज केला होता का?' बायकोनं पर्समधून पावती काढली. मॅडमनी ती उजेडाकडे धरली, शिक्क्यावरची तारीख वाचली आणि पहिल्यांदा हसल्या. न्यायाधिकरणात जायची मुदत साधारण सहा महिन्यांची, ती माझी उलटून गेली होती. पण वरिष्ठांकडे अर्ज केला आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढे आणखी सहा महिने मिळतात. म्हणजे मार्च २०२० पर्यंत माझ्याकडे वेळ होता. शिवाय आधी वरिष्ठांकडे दाद मागायची अटही त्याच पावतीनं पूर्ण झाली होती.

मग त्यांनी एक कोरा फुलस्केप घेतला, आडवा धरला आणि पट्टीनं चार रकाने आखले. तारीख, गुन्हा, शिक्षा, आणि चौथ्या रकान्यावर लिहिलं, 'घरी काय होतं'. 'एकेक सांगा,' म्हणाल्या, 'घाई नाही.'

पहिली एंट्री २०१० ची, ११ दिवस उशीर. मी म्हणालो, 'वडील वारले होते मॅडम.' सुट्टी मिळाली होती, पण तेरावं झाल्यावर थोरल्या भावाला एकट्याला सोडून निघवेना. त्यांनी विचारलं, 'मृत्यूचा दाखला आहे?' होता. दुसरी २०१३ ची, १९ दिवस. मुलगी सातव्या महिन्यात झाली होती. सिव्हिल हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि पेटीतून बाहेर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी धरली होती. बायको तोवर गप्प होती. ती म्हणाली, 'हॉस्पिटलचं कार्ड माझ्या ट्रंकेत आहे. तिच्या पायाचा ठसा आहे त्यावर.' तिसरी दारूची, २०१५. तिथे मी थांबलो. मॅडम पेन धरून वाट बघत होत्या. मी म्हणालो, 'त्या रकान्यात काही लिहू नका. प्यायलो होतो, चूक माझी होती.' त्यांनी चौथ्या रकान्यात एक रेघ मारली आणि म्हणाल्या, 'ही रेघ बाकीच्या तीन एंट्र्यांना बळ देईल.' चौथी २०१८ ची, २३ दिवस. आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. कागद होते.

तेरा वर्षांत हा चौथा रकाना कुणी भरला नव्हता. तो भरायची पहिली संधी ऑर्डरली रूममध्ये होती, शेवटची शो कॉज नोटिशीला उत्तर देताना. 'घरेलू परेशानी' या दोन शब्दांत मी बाप, मुलगी आणि आई तिघांना कोंबलं होतं. ऑफिसातून बाहेर पडल्यावर रस्त्यावर बायको रडली. मला काय बोलावं सुचलं नाही.

मॅडमनी मला तीन कामं दिली. माहितीच्या अधिकारात अर्ज करून कंडक्ट शीटची प्रत मागायची, सगळ्या पोस्टिंगच्या तारखा मागायच्या, आणि काढून टाकायच्या आधी झालेल्या प्राथमिक चौकशीचा अहवाल मागायचा. मी म्हणालो, 'अशी कुठली चौकशी झालीच नाही मॅडम.' त्या म्हणाल्या, 'तेच त्यांच्याकडून लेखी हवंय.'

आमच्या केसचा कणा तिथे होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आर्मी हेडक्वार्टर्सचं २८ डिसेंबर १९८८ चं एक पत्र आहे. नालायक ठरवून जवानाला काढायचं असेल तर काय पद्धत पाळायची, हे त्यात दिलंय. आधी निःपक्षपाती प्राथमिक चौकशी, मग कारणं दाखवा नोटीस, मग उत्तराचा विचार. आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की चार लाल एंट्र्या झाल्या म्हणून काढलंच पाहिजे असं बंधन नाही. प्रत्येक एंट्री कशाबद्दल होती ते बघायचं. माणूस पेन्शनजवळ आला असेल तर कठोर व्हायचं नाही. त्याची नोकरी किती झाली, तो कुठल्या कठीण जागी राहिला, हे ध्यानात घ्यायचं. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुप्रीम कोर्टानं वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्यात याच पत्राचा आधार घेतला. चौकशी न करता नुसत्या लाल एंट्र्या मोजून काढणं टिकणार नाही, असं सांगून त्या जवानाला पेन्शनसाठी लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत होता असं धरलं. पत्र ३० वर्षं जुनं, निकाल तीन वर्षं जुना, आणि मला नोटीस आली तेव्हा यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

माहितीच्या अर्जाचं उत्तर डिसेंबरात आलं. प्राथमिक चौकशीची कागदपत्रं अभिलेखावर उपलब्ध नाहीत, असं त्यात होतं. कंडक्ट शीटची झेरॉक्सही आली. झेरॉक्समध्ये लाल शाई आणि काळी शाई सारखीच दिसते. पोस्टिंगच्या यादीत सियाचेन होतं, काश्मीरचे दोन टेन्युअर होते. मॅडमनी विचारलं, ग्लेशियरवर किती दिवस? पोस्टवर तीन महिने, मी म्हणालो. 'हे उत्तरात का नाही लिहिलं?' मला खरंच वाटलं नव्हतं की याचा त्याच्याशी काही संबंध आहे. ड्यूटी होती, केली.

फी ४०,००० ठरली, तीन हप्त्यांत. जानेवारी २०२० मध्ये मूळ अर्ज दाखल झाला. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी रात्रपाळीची सिक्युरिटी गार्डची नोकरी धरली, मुलीची शाळा मोबाइलवर चालली. सरकार पक्षाचं उत्तर २०२१ मध्ये आलं. त्यात चार एंट्र्या होत्या, आणि 'अर्जदारानं स्वतः चुका कबूल केल्या' हे वाक्य दोनदा होतं. मॅडमनी त्याला प्रत्युत्तर दिलं.

शेवटची सुनावणी २०२२ च्या जूनमध्ये झाली. दोन सदस्य बसतात, एक निवृत्त न्यायमूर्ती, एक निवृत्त मोठे लष्करी अधिकारी. मी मागच्या बाकावर होतो, इस्त्रीच्या शर्टात, हात गुडघ्यांवर. सरकारी वकील तयारीचे होते. त्यांनी सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा सतगुर सिंग निकाल काढला. त्यात म्हटलंय की प्राथमिक चौकशीचा ठरावीक साचा नाही. जवानाचं उत्तर मागवलं, त्याचा विचार केला आणि मग आदेश दिला, तर तेवढं पुरतं. त्या खटल्यात जवानानं उत्तरात मोघम घरगुती कारण सांगितलं होतं, आणि त्याचा डिस्चार्ज कायम राहिला होता. एवढं सांगून त्यांनी माझं उत्तर वाचायला घेतलं.

माझ्या साडेतीन ओळी त्या खोलीत मोठ्यानं वाचल्या गेल्या. 'घरेलू परेशानी.' वाचायला दहा सेकंदही लागली नसतील. मला घाम फुटला. केस इथेच गेली, असं मी धरून चाललो.

मॅडम उठल्या. त्यांनी तो निकाल नाकारला नाही. त्या म्हणाल्या, चौकशीचा साचा नसेल हे मान्य, पण विचार तर झाला पाहिजे. मग डिस्चार्जचा आदेश वाचा. त्यात उत्तराचा उल्लेख फक्त 'समाधानकारक नाही' एवढा आहे. १३ वर्षांची नोकरी नाही, ग्लेशियर नाही, पेन्शनला किती दिवस उरले ते नाही. त्यानंतर त्यांनी तो चार रकान्यांचा कागद वर दिला. आता तो टाइप केलेला होता, प्रत्येक ओळीला जोडपत्राचा क्रमांक होता. लष्करी सदस्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, 'तिसऱ्या एंट्रीपुढे काहीच का नाही?' मॅडम म्हणाल्या, 'कारण सांगण्यासारखं काही नाही, अर्जदार चूक मान्य करतो.' त्यांनी मान हलवली, चष्मा काढला आणि सरकारी वकिलांना विचारलं की ब्रिगेडपुढे या माणसाचं सियाचेनचं रेकॉर्ड ठेवलं होतं का. त्यांना सांगता आलं नाही.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. डिस्चार्जचा आदेश रद्द. १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत मी नोकरीत होतो असं धरायचं, मधल्या काळाचा पगार नाही, जून २०२० पासून पेन्शन, थकबाकी चार महिन्यांत. दारूच्या एंट्रीबद्दल निकालात एक कडक वाक्य आहे. ते योग्यच आहे.

जवळून पाहिलंय म्हणून सांगतो, माझ्यासारखे सगळेच जिंकत नाहीत. २०१९ चा तो निकाल अजून आहे, आणि उत्तर मोघम असलं की पहिला तोच पुढे येतो. माझ्या केसमध्ये आदेशही मोघम होता, म्हणून मी तरलो. नोटीस आली त्याच आठवड्यात मॅडमकडे गेलो असतो तर त्यांनी मुदत वाढवून मागितली असती, कागद मागितले असते, तो चौथा रकाना तेव्हाच भरला असता. कदाचित मला कुणी काढलंच नसतं, आणि एवढी वर्षं मुलीनं बापाला वॉचमनच्या कपड्यात पाहिलं नसतं. म्हणून फोन करणाऱ्या मुलांना मी आधी एकच विचारतो, उत्तर दिलं का अजून? नाही म्हणाला, तर त्याला सांगतो, आज काही लिहू नकोस. घरी फोन कर आणि कागद शोधायला सांग. वकील फौजी केसेस करणाराच बघ. पैसे नसतील तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मोफत वकिलासाठी विचार. आणि चूक झाली असेल तर ती झाली म्हणून लिही, पण बाकीच्या गोष्टी त्या चुकीखाली गाडू नकोस.

दुरुस्त केलेलं डिस्चार्ज बुक पुढच्या वर्षी आलं. ते घेऊन मी आणि बायको माजी सैनिक ओळखपत्रासाठी जिल्ह्याला गेलो. चार वर्षांपूर्वी जुनं बुक घेऊन तिथे गेलो होतो, तेव्हा कारणाचा रकाना वाचून खिडकीतल्या कारकुनानं ते हळूच परत केलं होतं. त्याचा दोष नव्हता, नियमच तसा आहे. या वेळीही तोच माणूस होता. त्यानं बुक उघडलं, कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं, वाचलं, आणि पान उलटून दोन फोटो मागितले.